दादासाठी झालेली प्रार्थना

आमच्या ख्रिस्ती मंडळीत एखाद्याबद्दल मनातलं सगळं बोलून घ्यायचं असेल, तर सगळ्यात सोयीची जागा म्हणजे प्रार्थना. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, माना खाली असतात, आणि बोलणारा तुमच्याशी बोलतच नसतो, तो देवाशी बोलत असतो. त्याला मध्येच थांबवायची कुणाची हिंमत नसते. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण माझ्या भावाची पाळी येईपर्यंत मला त्याचा राग आला नव्हता, हेही कबूल करायला हवं.

आम्ही वालचंदनगरला क्वार्टर्समध्ये राहतो. पप्पा कारखान्यात आहेत. कॉलनीत ख्रिस्ती घरं मोजकीच. रविवारी उपासनेला बारामतीच्या चर्चमध्ये जायचं आणि बुधवारी संध्याकाळी आळीपाळीनं एकेकाच्या घरी प्रार्थनासभा, असा आमचा शिरस्ता.

दादा पुण्यात नोकरी करतो. जानेवारीत त्याला एक स्थळ आलं. मुलगी शिक्षिका, नगरकडच्या मंडळीतली, सगळ्यांना पसंत. दादा घरी आला, आईपप्पांना समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं, की त्याला मुलींबद्दल तसं कधी वाटलेलं नाही. पुरुषांबद्दलच वाटतं, आणि हे त्याला शाळेपासून माहीत आहे. "होकार दिला तर त्या मुलीची फसवणूक होईल," तो म्हणाला. "ती मी करणार नाही."

आई रडली. पप्पा उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. मला दोन वर्षांपूर्वीच दादानं सांगितलं होतं, तरी मी दाराशी नुसती उभी राहिले. बोलणं मला जमत नाही. निदान तेव्हा जमत नव्हतं.

त्यानंतर आईनं जे केलं ते आमच्यातली कुठलीही आई करेल. तिनं महिला मंडळात प्रार्थनाविनंती दिली. नाव घेतलं नाही. "एका तरुणासाठी प्रार्थना करा, त्याचं मन वळावं," एवढंच म्हणाली. पण नुकतंच स्थळ नाकारलेला तरुण आमच्याकडे एकच होता. एकीनं दुसरीला सांगितलं, तेही प्रार्थनेसाठीच. रविवारपर्यंत इंदापूरपासून बारामतीपर्यंत दादासाठी प्रार्थना चालू होती. उपासनेनंतर एक मावशी माझा हात धरून म्हणाल्या, "आमी रोज गुडघं टेकतोय बरं का त्याच्यासाठी. कुनाला बोलले न्हाय मी." मी फक्त आमच्या पद्धतीनं "सलाम, मावशी" म्हणून हात सोडवून घेतला.

मी इंग्रजी माध्यमातली. मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, अजून अडखळत वाचते, आणि त्यावरून मला चिडवतात. पण त्या दोन महिन्यांत मी दोन्ही भाषांत ती सगळी वचनं वाचली, जी आईला कुणी ना कुणी मोबाइलवर पाठवत होतं. जुन्या करारातलं लेवीय वाचलं, नव्या करारातली पौलाची पत्रं वाचली. पौलाच्या पापी लोकांच्या ज्या यादीकडे सगळे बोट दाखवतात, तिच्यात लोभी आहेत, दारुडे आहेत, निंदा करणारेही आहेत. त्या बाकीच्यांसाठी आमच्याकडे सभा भरल्याचं मला आठवत नाही.

चर्चच्या पाळकसाहेबांना मी एकदा फोन केला. ते म्हणाले, "शास्त्राचा अर्थ मला जसा समजतो तसाच मी सांगणार, बाळ. तुला तो पटणार नाही. पण त्याला तोडा, असं मी तुझ्या आईला कधी म्हटलेलं नाही." मला त्यांचा अर्थ पटला नाहीच. दोन माणसं एकमेकांशी इमानानं राहिली तर देव त्यांच्यावर का चिडेल, हे ते मला सांगू शकले नाहीत. पण निदान ते माझ्याशी बोलत होते, उघड्या डोळ्यांनी.

तोडा असं म्हणणारे होते आमचे सर. निवृत्त मुख्याध्यापक, मंडळीचे पंच. त्यांनी आईला सांगितलं, की मुलगा पश्चात्ताप करेपर्यंत त्याला घरात घेऊ नका. हीच खरी माया. दादा ईस्टरला येणार होता. दर वर्षी येतो. आईनं त्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगावं, असं ठरत आलं होतं. ती दोनदा मोबाइल हातात घेऊन बसली आणि दोन्ही वेळा तिनं तो खाली ठेवला.

ईस्टरच्या आदल्या रविवारला आम्ही झावळ्यांचा रविवार म्हणतो. त्याच्या आधीच्या बुधवारी सभा आमच्याकडे होती. दहाबारा माणसं, सतरंज्या, कोपऱ्यात पोह्यांचं पातेलं. गीत झालं, वचन झालं, मग एकेकानं प्रार्थना. सरांनी सुरुवात केली. त्यांची प्रार्थना नेहमीच लांबते. पाऊसपाणी, आजारी माणसं, परीक्षेची मुलं झाली, आणि मग आवाज खाली आला. "हे बापा, ह्या घराला जी कीड लागली आहे ती तू जाणतोस. ह्या मातेला दार बंद ठेवायचं सामर्थ्य दे."

मी डोळे उघडले. आईचा पदर डोक्यावरून पुढे ओढलेला होता आणि तिचे खांदे हलत होते. तिच्याच घरात, तिच्याच सतरंजीवर बसून, तिनं केलेले पोहे खायच्या आधी हा माणूस हे मागत होता. बाकी सगळे "हो प्रभू, हो प्रभू" म्हणत होते.

आमेन झालं. मी कधी मोठ्यानं प्रार्थना केलेली नाही. तोंड उघडलं तेव्हा माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

"हे बापा," मी म्हणाले, "माझ्या भावानं एका मुलीला फसवलं नाही, म्हणून तुझे आभार. आम्ही त्याची गोष्ट प्रार्थनेच्या नावाखाली गावभर केली, त्याची आम्हाला क्षमा कर. आमच्यातल्या एकानं मुलाच्या लग्नात हुंड्यात गाडी मागून घेतली आणि आम्ही सगळे त्या लग्नात जेवलो, त्याचीही क्षमा कर. आणि आईला तिच्या लेकराविरुद्ध सामर्थ्य देऊ नकोस."

गाडी सरांनी मागितली होती. मला ठाऊक होतं, खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण कुणाला मला थांबवता येईना. मी देवाशी बोलत होते.

माझ्या आमेननंतर कुणीच आमेन म्हणालं नाही. मग स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसलेले पप्पा म्हणाले, "आमेन." सरांनी घाईघाईनं सभा संपवणारी प्रभूची प्रार्थना सुरू केली. पोहे तसेच राहिले.

सगळे गेल्यावर आई मला म्हणाली, "मोठ्या माणसाला असं घालूनपाडून बोलतात का गं?"

"आणि सर तुला बोलले ते?"

तिनं पोह्यांचं पातेलं उचलून आत नेलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण दादाला तो फोनही केला नाही.

तो उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आला. ईस्टरला मात्र उपासनेला यायला तयार होईना. "तुम्ही जाऊन या, मी घरी थांबतो," म्हणाला. आई नवी साडी नेसून तयार होती. ती त्याच्यासमोर खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मग मीही थांबते." इतक्या वर्षांत तिचा ईस्टर चुकलेला मी पाहिला नव्हता. मंडळीतल्या त्या लोकांचा मला कधी इतका राग आला नव्हता, जितका त्या क्षणी आला.

बारामतीला पप्पा आणि मी दोघंच गेलो. चर्चमधून बाहेर पडताना रोज गुडघे टेकणाऱ्या त्याच मावशींनी गाठलं. "आई कुटं हाय? आजारी हाय का?"

"बरी आहे," मी म्हणाले. "दादा आलाय. त्याच्याजवळ बसलीय."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमी प्रार्थना करतोय हां."

"नको, मावशी," मी म्हणाले. "आता राहू द्या."