विचुंब्यातले बत्तीस खड्डे

आता हसायचं नाही हं, आधीच सांगते! सेवा क्लबात जाऊन मला जेमतेम महिना झाला होता, आणि मी विचुंबे गावात जो पराक्रम केला ना... नुसतं आठवलं तरी कान गरम होतात!

क्लबात घेताना अध्यक्ष सरांनी तत्त्वांचं कार्ड दिलं होतं. पहिलंच तत्त्व, 'आधी विचारा, मग सेवा करा.' मी ते पाठच करून टाकलं. त्यात वृक्षारोपणाची प्रमुखही मीच. मग उत्साह काय विचारता!

सर म्हणाले होते, "देवळामागची जागा. खड्डे तयार असतील. तुम्ही पुढे व्हा, मी येतोच."

टेम्पो गावात शिरला आणि देवळाच्या अलीकडेच मला मोकळं मैदान दिसलं. ओळीत खणलेले बत्तीस खड्डे!

"थांबवा, थांबवा!" मी ओरडलेच.

तासाभरात आम्ही दहा जणांनी बत्तीस कडुलिंब लावले. वर बादल्या भरभरून पाणी! प्रत्येक रोपापाशी मी कार्ड काढून पहिलं तत्त्व मोठ्याने वाचत होते. फोटो तर विचारूच नका.

तेवढ्यात बांबूंनी भरलेला ट्रक आला. त्यातून जागेचे मालक जनूशेठ उतरले.

"आवं बाय, ह्यो काय केलाव?"

"वृक्षारोपण!" मी ऐटीत.

"मांडवाचं खड्डं हायेत ते! सांच्याला माझे पोरीची हलद हाय! हजार मानसा येनार!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. तीही त्यांचीच होती म्हणा!

"हातान काय हाय?" त्यांनी कार्ड घेऊन सावकाश वाचलं. "आधी इचारा... मंग तुमी कोनाला इचारलाव?"

पलीकडे ओट्यावर नवरी मुलगी डोळे पुसत उभी होती. मला इतकं वाईट वाटलं, की पदर खोचला आणि म्हटलं, "शेठ, मांडव आम्ही उभा करतो!"

बत्तीसच्या बत्तीस रोपं काढली, चिखल उपसला, बांबू धरले. देवळामागे वाट बघून कंटाळलेले सर शोधत आले, तर त्यांचा अख्खा क्लब बांबूंना लटकलेला! पण दिवेलागणीला मांडव उभा राहिला हो! मुलगी हळदीला बसली, बँजो सुरू झाला आणि मी चिखलाच्या साडीतच नाचले.

काल जनूशेठच्या धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. खाली एक ओळ आहे. हाताने लिहिलेली नाही, चक्क छापलीय, हजार घरांत गेलीय!

'कृपया आहेर व रोपे आणू नयेत.'