हिरवा रंग गेला आणि तेरला जावं लागलं

परवा सकाळी ऑफिसात येऊन कॉम्प्युटर सुरू केला आणि स्क्रीनच्या उजवीकडची पट्टी गायब... मला वाटलं चुकून बंद झाली असेल. सगळे मेनू पालथे घातले, पट्टी काही मिळेना.

धाराशिवात माझं घरांचे प्लॅन काढून द्यायचं छोटंसं ऑफिस आहे. आदल्या दिवशीच कॅडचं सॉफ्टवेअर अपग्रेड करून घेतलं होतं, तेही मोठ्या हौसेनं. जुन्यात त्या पट्टीत फाईली सांभाळायचं एक टूल होतं... प्रत्येक ड्रॉइंगचं छोटं चित्र दिसायचं आणि त्याला रंग देता यायचा. हिरवा म्हणजे मालकाला पसंत, लाल म्हणजे रद्द.

हसू नका, पण माझं सगळं दुकान त्या रंगांवर चालायचं. आमच्याकडे घराचा प्लॅन एकट्या मालकाचा कधीच नसतो. मामा, मेहुणे, जावई, वास्तुवाले, सगळे सूचना करतात आणि प्रत्येक सूचनेमागे एक फाईल वाढते. नावं तरी काय... 'तेर फायनल', 'तेर फायनल नवीन', 'तेर एकदम फायनल', 'तेर मामा फायनल'.

हेल्पलाइनला फोन लावला. तिथल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की ते टूल नव्या व्हर्जनमधून काढून टाकलंय. परत जुनं टाकावं तर मी सगळ्या फाईली नव्यात सेव्ह करून बसलेली, त्या जुन्यात उघडेनात. तारखेवरून ओळखावं तर आता तारीखही सगळ्यांची एकच. आगीतून उठून फुफाट्यात, दुसरं काय.

आणि त्याच दुपारी तेर गावात दत्ताभाऊंच्या घराची आखणी होती. दुसऱ्या दिवशी पाया खोदायला जेसीबी येणार होता.

त्या घरात वाद एकाच गोष्टीचा होता. दत्ताभाऊंच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या, खोलीला लागून आतच संडास-बाथरूम घ्यायचं, की मागच्या अंगणात? काकूंचे गुडघे गेलेत, काठीशिवाय चालवत नाही. पण खोली ईशान्येला आणि ईशान्येला संडास नको म्हणून मामा, म्हणजे काकूंचे धाकटे भाऊ, हटून बसलेले. कितीदा तरी बाथरूम आत आलं, बाहेर गेलं. शेवटी काय ठरलं ते मला आठवेना... आठवायची गरजच कुठं पडली होती, हिरवा होता ना!

जीव थाऱ्यावर राहिला नाही. फाईल उघडते, बंद करते, खुर्चीतून उठते, परत बसते... चहा तसाच गार झाला. चुकीचा प्लॅन गेला तर चुकीच्या जागी खड्डे पडणार, आणि एकदा काँक्रीट ओतलं की कोण बदलतंय? काकू मग जन्मभर काठी टेकत अंगण ओलांडणार.

मालकाला विचारायची लाज वाटत होती. तुमचं घर कसं ठरलं हो, असं इंजिनिअरनंच विचारायचं? पण शेवटी लावला फोन. दत्ताभाऊंनी लगेच माझाच एक पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवला, हाच फायनल म्हणाले. त्यात बाथरूम बाहेर. खात्री करायला त्यांच्या पुण्यातल्या भावाला, गणेशला विचारलं, तर त्यानंही माझाच पीडीएफ पाठवला. त्यात बाथरूम आत, आणि खाली लिहिलेलं, फायनल...

कपाळावर हात मारला. दोन्हींच्या प्रिंट पिशवीत कोंबल्या आणि स्कूटी काढली.

प्लॉटवर गवंडी रेघा मारायला चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन तयारच होते. मामाही आलेले. मी सरळ सांगून टाकलं की कॉम्प्युटरमधले रंग गेले, तुमचा पसंत प्लॅन कुठला ते मला सांगता येत नाही. मामा म्हणाले, त्यात काय एवढं, बाहेरच ठरलंय, आणि त्यांनी गवंड्यांना फक्की मारायला सांगितलं. मी गणेशची प्रिंट पुढं केली, ती कुणी हातात घेईना. दत्ताभाऊ मान खाली घालून उभे.

काकू लिंबाच्या सावलीत खुर्चीवर बसल्या होत्या. रेघा मारून झाल्या तशा त्या काठी घेऊन उठल्या.

"मला येकदा चालून बघू द्या," त्या म्हणाल्या. "रातच्याला मलाच जायचंय नव्हं?"

त्या आपल्या खोलीच्या रेघांमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. जिथं दार होणार होतं तिथून निघाल्या... काळ्या ढेकळांत काठी रुतत होती. अर्ध्यात थांबल्या, दम खाल्ला, अजून थोडं पुढं गेल्या आणि विटांच्या ढिगाला धरून खालीच बसल्या. गुडघा दाबत त्यांनी भावाकडं बघितलं.

"लई लांब हाय रे," एवढंच म्हणाल्या.

मामा गेले, बहिणीला हात धरून उठवलं, खुर्चीवर आणून बसवलं. मग परत जाऊन अंगणातल्या बाथरूमची रेघ त्यांनी स्वतःच्या पायानं पुसली.

"आत घ्या," ते मला म्हणाले. "ईशान्येचं काय ते मी बघतो."

निघताना दत्ताभाऊंनी हळूच सांगितलं की शेवटच्या फोनवर बाहेरच ठरलं होतं, गणेशला कळवायचं तेवढं राहून गेलं. म्हणजे ते टूल असतं तर हिरवा रंग बघून मी बाहेरचीच प्रिंट पाठवली असती आणि ऑफिसातून हललेही नसते...

टूलची हळहळ आहेच. कालचा अख्खा दिवस फाईलींना नावं देत, स्वतःवरच चिडत गेला. पण काकू, तुमचे उपकार मानावे तेवढे थोडेच.

आज सकाळी एक जण प्लॉटचे कागद घेऊन आले. किती खोल्या, किती मजले, मी काहीच विचारलं नाही. म्हटलं, तुमच्या घरात सगळ्यात हळू कोण चालतं? त्यांना घेऊन या... मग बसू.