पाळीवर अडलेली गाडी

मालगुजारी जाऊन जमाना झाला होता, पण आमच्या गावात जुन्या मालगुजारांना अजून मालकच म्हणत. त्यांची जीप दिसली की माणसं वाटेच्या खाली उतरून चपला काढून उभी राहत. आम्ही ढिवर. त्यांच्याच तलावात आमची जाळी पडत, म्हणून आम्ही जरा जास्तच वाकत होतो.

माझ्या पहिल्या बाळंतपणाला मूल आडवं आलं. दाईनं हात टेकले. नवऱ्यानं बैलगाडी जुंपली, सासूनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि आम्ही तालुक्याच्या दवाखान्याकडे निघालो. वाट तलावाच्या पाळीवरून, मातीच्या अरुंद भरावावरून. एका बाजूला खोल पाणी, दुसऱ्या बाजूला खाली धानाच्या बांध्या. अर्ध्यावर गेलो आणि समोरून जीप आली.

"मागं घे गाडी!" ड्रायव्हर ओरडला. "मालक बसून हायेत, दिसून नाई राह्यलं का?"

"घेतो जी, घेतो," म्हणत नवरा खाली उतरला. त्यानं आधी चपला काढल्या. मग बैलांना मागं रेटू लागला. बैल बुजले, एक चाक पाण्याकडे घसरलं. आता आपण बुडणार, असं वाटून मी डोळे मिटले. कळेपेक्षा भीती मोठी होती.

सासू माझं डोकं गाडीतल्या गवतावर ठेवून उतरली आणि जीपसमोर जाऊन उभी राहिली.

"बैल मागं जात नाईत, मालक. पोरगी मरून राह्यली. तुमीच मागं घ्या."

नवरा तिला ओढू लागला, "चूप बस ना वो माय!" जीपमधल्या काळ्या चष्म्यातल्या म्हाताऱ्या मालकानं नुसतं बोट हलवलं. जीप मागं गेली.

दवाखान्यात मुलगी झाली, मीही वाचले. पण घरी भीतीच होती. नवरा तलावावर जाईना. दारात सायकलची घंटी वाजली तरी मालकाचा माणूस आला म्हणून दचके.

दसऱ्याला सगळ्यांबरोबर मालकांना सोनं द्यायला जावंच लागलं. सासू मुद्दाम त्याच्यासोबत गेली. परत आल्यावर नवरा हसतच होता. सासू मात्र भिंतीला टेकून बसली, जेवेना.

"काय म्हणले मालक?" मी भीत भीत विचारलं.

"तोंडाकडं पाह्यलं अन् म्हणते, तू कोणाची वं?" ती म्हणाली. "त्याले आठवतबी नाई. अन् आपण भेवानं अर्धे झालो."