पाटीवाली मावशी

अकोल्यात एका वादग्रस्त सिनेमाच्या थेटरासमोर ती तीन दिवस उभी होती. गळ्यात क्रूस, हातात ‘सिनेमा बंद करा’ची चर्चनं दिलेली पाटी. पाटीवर धूळ बसली की पदरानं पुसायची.

मी घरातला पहिला पदवीधर. सिनेमाच्या बाजूनं पेपरात पत्र लिहिलेलं. चारचौघांत तिला म्हणालो, “मावशी, न पाहता बंदी मागणं अडाणीपणा आहे.”

“पाह्यला ना बापू, तिकीट काढून. माही पोरगी मठात सिस्टर हाये. पडद्यावर तिच्याच कपड्यातली बाई होती, अन् लोकं शिट्ट्या मारून राहिले होते.” मग तिनं सहज विचारलं, “तुले कसा वाटला?”

बंदी मला आजही पटत नाही. पण मी तो सिनेमा पाहिलाच नव्हता, आणि म्हणालो, “चांगला आहे.”

“असंन,” ती म्हणाली आणि पाटी पुसू लागली.