दारावरचं उत्तर

इस्त्रीवाल्या काकूंना चर्चमध्ये सगळे ‘तोफ’ म्हणायचे, अर्थात त्यांच्या माघारी. ईस्टरनंतरच्या रविवारी पाळक विश्रांती घ्यायचे आणि प्रवचन काकूंकडे यायचं. काकू दरवर्षी येशूच्या थोमा या शिष्याला धारेवर धरायच्या. प्रभू मेलेल्यांतून उठला म्हणून दहा जण जीव तोडून सांगतायत, आणि हा शहाणा म्हणतो, जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही. थोमा समोर बसला असता तर तोंड लपवून पळाला असता, असा त्या त्याचा समाचार घ्यायच्या.

चर्चच्या दारावर स्वागतालाही त्याच. ईस्टरच्या दिवसांत येणाऱ्या प्रत्येकापुढे हात करून त्या म्हणायच्या, “प्रभू उठला आहे.” त्याने “खरोखर उठला आहे” म्हणायचं, हात मिळवायचा, मग आत जायचं. कोणी नुसतं पुटपुटलं तर पुन्हा म्हणायला लावायच्या. पोरंटोरं सोडाच, डॉक्टरांचीही सुटका नव्हती.

यंदा गाठ पडली ती घरच्याच माणसाशी, काकांशी. एकुलता एक मुलगा आजारपणात गेला, त्याला वर्षही झालं नव्हतं. तेव्हापासून काकांनी चर्चचं तोंड पाहिलं नव्हतं. ईस्टरला मात्र दाढीबिढी करून, कोट घालून आले. काकूंचं मन सुपाएवढं झालं.

“प्रभू उठला आहे,” त्या म्हणाल्या.

काका म्हणजे जन्मभर बस चालवलेला सरळ माणूस, जे वाटत नाही ते बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. काकू हात पुढे करून थांबल्या. मागे रांग खोळंबली. शेवटी काका वळले आणि घरी गेले. आणि या बाईने, धन्य तिची, त्यांना जाऊ दिलं. नियम म्हणजे नियम.

आठवडाभर दोघांत कामापुरतं बोलणं. शनिवारी दुकानात कॉलरवर इस्त्री फिरवत काकू प्रवचन घोकत होत्या, काका शर्टांच्या घड्या घालत होते. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात जमले आणि थोमाही त्यांच्यात होता, इथवर आल्या आणि अडखळल्या. इतकी वर्षं एवढ्याशा या गोष्टीवरून त्या भरधाव पुढे जात होत्या.

“अहो, त्या आठ दिवसांत थोमाला कोणी बाहेर नव्हतं काढलं.”

“कशाला काढतील? त्यांच्यातलाच होता तो,” काका म्हणाले आणि पुढचा शर्ट घेतला.

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इस्त्री उभी करून त्या स्टुलावर बसल्या. पण रडत बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच.

“उद्या यायचंय तुम्ही.”

“मला ते म्हणता येणार नाही.”

“या तर खरे.”

काका आले. रांगेत शेवटी उभे राहिले, आरोपी उभा राहतो तसे. त्यांची पाळी आली.

“प्रभू उठला आहे,” काकू म्हणाल्या.

काकांनी मान खाली घातली. काकूंनी त्यांचा हात ओढून हातात घेतला आणि आतल्या सगळ्यात पुढच्या बाकालाही ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःच उत्तर दिलं, “खरोखर उठला आहे. हे दोघांचं झालं. चला आत.”

काका हलले नाहीत. “आणि पुढच्या रविवारी?”

“मीच म्हणेन. माझं तोंड कधी दमलंय का?”

“आणि मला कधीच म्हणता आलं नाही तर?”

“तर माझ्या जिवात जीव आहे तोवर मीच म्हणेन. बसा जाऊन, मला प्रवचन करायचंय.”