हर्षदाच्या वाटणीचा रोट

गुजरातेत, लिंबायतच्या त्या गल्लीत हर्षदाला ओळखत नाही असं माणूस नव्हतं. चौदा वर्षांची पोर, पण तोंडाचा पट्टा असा की विचारू नका. दुपारी ओट्यावर चार पोरी साड्यांचे सुटे धागे मजुरीवर कापायला बसायच्या, त्यांची भांडणं हीच मिटवणार. कुणी रडली की मात्र हिची बडबड बंद. नुसती जवळ सरकून बसायची. "ह्या पोरले कोठे देऊ माय," असं तिची आई उषाबाई वरवर म्हणे. आतून गर्वानं फुगलेली असे. ती स्वतः गावाहून आली तेव्हा दोन वर्षं दुकानात बोट दाखवूनच सामान आणायची. पोर गुजरातीत ठणकावते याचं तिला कोण कौतुक!

शेजारच्या केशरबाईंची प्रज्ञा ही हर्षदाची जिवाभावाची मैत्रीण. त्यांच्या घरात बाबासाहेबांची तसबीर, ह्यांच्या घरात श्रावणात कानबाई देवी. चार वर्षं भाजीच्या वाट्या इकडून तिकडे जात होत्या, कुणाचं काही अडलं नव्हतं.

गेल्या श्रावणात कानबाई बसली. तिच्या नैवेद्याचा रोट भाऊबंदांनीच खायचा, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा द्यायचा नाही, अशी ह्यांच्या घरची रीत. हर्षदानं आपला रोट मोडून अर्धा प्रज्ञाच्या हातावर ठेवला. उषाबाईनं पाहिलं आणि भरल्या घरात, पाहुण्यांदेखत, तो हिसकावून घेतला. "अक्कल शे का तुले?" असं लेकीला म्हणाली. प्रज्ञाला एक शब्द नाही. प्रज्ञा हात ओढणीला पुसत निघून गेली.

रीतीला धरूनच केलं, असं उषाबाईनं स्वतःला शंभरदा सांगितलं. मग एके दिवशी हर्षदानं विचारलं, "माय, स्वातीनी रोट खादा तवय तू हासनी व्हती ना?" स्वाती म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानदाराची मुलगी. ना भाऊबंद, ना जातीची, पण दुकानदाराची. आदल्या वर्षी तिनं रोट खाल्ला तेव्हा उषाबाई म्हणाली होती, लेकरू आहे, देवी रागावत नाही.  

पोर हळूहळू आटत गेली. ओटा सोडून आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून धागे कापायला लागली. बाकीच्या पोरी दोन-चारदा हाका मारून थकल्या. शाळेत मालतीबाईंनी उषाबाईला बोलावून घेतलं. "वर्गाची वकील होती हो ही. आता नाव पुकारलं तरी दचकते. घरी काही झालं का?" उषाबाई म्हणाली, काही नाही.

नवा ड्रेस आणला, पाणीपुरीला नेलं. शेवटी लाज बाजूला ठेवून ती केशरबाईंच्या दारात गेली. "चुकी झाली माझी," म्हणाली. केशरबाईंनी चांगल्या कपात चहा दिला. "अहो ताई, आम्हाला सवय आहे." प्रज्ञा पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "मावशी, मी तर विसरूनही गेले." रागावली असती तर पाय धरता आले असते. विसरले म्हणणाऱ्यापुढे माणूस काय करणार? दिवाळीनंतर ते घर गल्ली सोडून डिंडोलीला राहायला गेलं.

ती मंडळी जाताना हर्षदा दारात उभीसुद्धा राहिली नाही. तेव्हा कुठे उषाबाईच्या डोक्यात उजेड पडला. पोरीचं सगळं बळ एका भरवशावर होतं: आपण ज्याला आपलं म्हणू, तो आपला. तो भरवसा उषाबाईनं स्वतःच्या हातानं काढून घेतला होता, आणि परत कसा द्यायचा ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

यंदा पुन्हा कानबाई बसली. उषाबाईनं लेकीपुढे ताट ठेवलं.

"माले नको," हर्षदा म्हणाली. आवाजात राग नव्हता. "लगीन व्हयनं म्हंजे मीबी बाहेरनीच ना?"

बाप भटू लूमच्या कारखान्यातून आलेला, खाली मान घालून जेवत राहिला. उषाबाई तीनदा म्हणाली, "खाई ले ना वं." पोरीनं कात्री उचलली आणि मांडीवर साडी ओढली.

रोट उरू द्यायचा नसतो, टाकायचा नसतो आणि बाहेर कुणाला द्यायचाही नसतो. उषाबाईनं लेकीच्या वाटणीचा रोट स्वतःच खाल्ला. दोनदा पाणी प्यावं लागलं.