ब्राह्मीची ट्रॉली

चंदनाला एका जागी बसवणं कुणालाच कधी जमलं नाही. सांगलीला माहेरी होती तेव्हा सायकलवरून शाळा, क्लास, बाजार, मावशीचं घर असं दिवसभर गावभर भिरभिरायची. आणि दिली कुठं, तर आष्ट्याच्या शिवारातल्या मळ्यावर, जिथं चारी बाजूंना माणसाहून उंच ऊस आणि दारात म्हैस. नवरा, अतिशय त्याचं नाव, सांगलीत हळदीच्या पेढीवर कामाला. सकाळी जायचा तो जेवायच्या वेळेलाही घरी नसायचा. मग ब्राह्मी झाली. पोर गोड, त्यात वादच नाही, पण गोड पोरीकडंसुद्धा माणूस किती वेळ बघत बसणार? चंदना घरातल्या घरात येरझारा घालायला लागली. घासलेली भांडी पुन्हा घासायची, दारात जायची, रस्त्याकडं बघून परत यायची.

शेवटी तिनं माळ्यावरची सायकल उतरवली आणि नाथाजीच्या वर्कशॉपात नेली. नाथाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा. लेकरू बसेल असं काहीतरी सायकलमागं जोडून द्या, असं ती म्हणाली, आणि त्या बिचाऱ्यानं जे येत होतं तेच केलं. उसाची ट्रॉलीच बनवली, फक्त पाळण्याएवढी. जोडायला पिन, पिनीला साखळी, दोन चाकं, मागं लाल रिफ्लेक्टर आणि फळीवर पिवळ्या अक्षरांत 'ब्राह्मी'. चंदनानं आत गादी घातली, पट्टा शिवला, वर जुन्या छत्रीचं कापड ताणलं. रस्त्यावरची माणसं विचारायची, वैनी, किती टन भरला? चंदना हसायची आणि आणखी जोरात पायडल मारायची.

हसल्या नाहीत त्या फक्त सासूबाई. शालनबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "लेकरू काय ऊस हाय व्हय, ट्रॉलीत घालून न्यायला? काय इपरीत झालं तर ही गाडी भंगारात जाईल, सांगून ठेवती." शालनबाईंचा शब्द घरात शेवटचा. तेव्हापासून चंदना ट्रॉली घेऊन जीव मुठीत धरून फिरायची. मागं पोरीच्या पायातले वाळे वाजताहेत तोवर सगळं ठीक, एवढंच तिला कळायचं.

वस्तीवरच्या बायका मात्र खूश झाल्या. ट्रॉलीत जागा आहे म्हटल्यावर कुणाचं दळण, कुणाचं शिवायला टाकलेलं पोलकं, कुणाची मिक्सरची भांडी. चंदना कुणालाच नाही म्हणायची नाही. म्हणणार कशाला? एकेक काम म्हणजे घराबाहेर पडायचं एकेक निमित्त होतं.

त्या दिवशी खरं काम एकच होतं. शालनबाईंची रक्तदाबाची गोळी संपली होती. मागच्या वेळी गोळी चुकली तर त्या गोठ्यात चक्कर येऊन पडल्या होत्या आणि डॉक्टरांनी चंदनालाच फैलावर घेतलं होतं. गोळी संध्याकाळची. आणि शालनबाई पक्क्या जैन. दिवस मावळला की पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायच्या नाहीत. व्रत ऐन तरुणपणी घेतलेलं, कधी मोडलेलं नव्हतं. म्हणजे गोळी घरी पोचायची ती सूर्य असताना.

दुपारी निघताना वेळ भरपूर होता. म्हणूनच घोटाळा झाला. गोळ्या दळणाखाली दबायला नकोत म्हणून तिनं मेडिकल शेवटाला ठेवलं आणि आधी गिरणीत गेली. तिथं लाईट गेलेली. आता येईल, मग येईल करत बसली. बसली कसली, ब्राह्मीला कडेवर घेऊन गिरणीच्या दारात फेऱ्या मारत राहिली. लाईट आली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. गोळ्या घेऊन ती रस्त्याला लागली, तर कॅनॉलच्या पुलावर उसाची ट्रॉली आडवी झालेली आणि दोन्ही बाजूंना ट्रॅक्टरांची रांग. सायकल निघाली असती, पण तिच्या मागच्या ट्रॉलीला वाट नव्हती.

तिनं बांधावरची वाट धरली. ऊसतोड झालेल्या रानात चाकोऱ्या खोल पडल्या होत्या. थोडं गेल्यावर सायकलचं चाक एका चाकोरीत असं रुतलं की हलेना. सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकला होता. चंदनाला रडू आलं. आपल्या पायांना घरात चैन पडत नाही म्हणून म्हातारीच्या जिवाशी खेळ, असं तिला वाटलं, आणि गाडी भंगारात जाणार हेही त्याच क्षणी वाटलं. त्याची तिला जास्त लाज वाटली.

मग तिनं पिन उपसली. सायकल तिथंच आडवी टाकली, पिठाचे डबे, पोलकं, मिक्सरची भांडी बांधावर उतरवली, गोळ्यांची पुडी पदरात बांधली आणि ट्रॉलीचा दांडा दोन्ही हातांनी धरून पळत सुटली. ढेकळांतून ट्रॉली उडत होती. वाळे वाजत होते. ब्राह्मीला वाटलं आई खेळतेय, ती खदखदून हसत होती.

अंगणात पोचली तेव्हा शालनबाई पायरीवर बसल्या होत्या, शेजारी पाण्याचा तांब्या. चंदनानं ब्राह्मीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि गोळी पुढं केली. शालनबाईंनी आधी नातीच्या अंगावरून हात फिरवला, डोकं, दंड, पाय. खरचटलेलं कुठंच काही नव्हतं. मग त्यांनी मावळतीकडं तोंड केलं. मोतीबिंदूनं त्यांना लांबचं धूसर दिसायचं.

"दिवस हाय का गं अजून?"

चंदनानं वळून बघितलं. उसावर नुसती लाली उरली होती. तीही विझत चाललेली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि या बाईशी तर ती कधी खोटं बोललीच नव्हती.

"हाय, आई. उसाच्या आड हाय."

शालनबाईंनी गोळी जिभेवर ठेवली, तांब्या उचलून दोन घोट पाणी घेतलं आणि तोंड पुसलं. ब्राह्मी आजीच्या बांगड्या ओढत होती.

"उद्यापासनं जरा लौकर निघत जा," शालनबाई म्हणाल्या. "आन् आत जाऊन दिवा लाव. कवाचं अंधारलंय."